टोपीखालची मेंढरं

पहिला दिवस पटक्यापायी वाया गेला. हरिबा काही केल्या पटका काढायला तयार होईना.

"बाबा, टोपीची बटणं डोक्याला टेकली पाहिजेत," शिवांजली समजावत होती. "मधे कापड आलं तर मशीनला काही कळत नाही."

"पटक्यावरनंच बसव की," हरिबा म्हणाला. "पटका काय लोखंडाचा हाय व्हय?"

आता म्हातारा हट्टी, हे खरंच. पण ह्या बाबतीत त्याला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या घराण्यात बाप्या माणसानं चारचौघांत डोकं उघडं करायचं ते घरातलं कुणी गेलं तरच. बायको गेली तेव्हा त्यानं पटका उतरवला होता. बनाबाईच्या चितेपुढं जे डोकं उघडं केलं, ते ह्या पोरीपुढं तारा चिकटवायला करायचं, हे त्याच्या मनाला काही केल्या पटेना. शेवटी बाहेर बाकावर बसलेला मल्हार आत आला.

"आबा, आटपाडीला जायाचं हाय का न्हाई?"

एवढं ऐकलं आणि हरिबाचा डावा हात मुकाट पटक्याकडं गेला.

आटपाडीचं नाव काढलं की हा माणूस पाघळायचा. जन्म तिकडंच गेला, मेंढरांमागं. बनाबाई गेली, आणि तिच्या मागं वर्षभरात हरिबाच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. उजवा हात मात्र खांद्याला लोंबतच राहिला. पोराचा नाइलाज झाला. मल्हारनं मेंढरं विकली, माळावरच्या घराला कुलूप घातलं आणि बापाला मलकापूरला आणलं. तो तिथं हायवेलगतच्या गोडाऊनात कामाला होता. बिऱ्हाड भाड्याचं, पण ऐसपैस. सून सोनिया घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करायची. सासऱ्याला भाकरी कुस्करून ताटात द्यायची, कधी कपाळाला आठी म्हणून आणली नाही. म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती, आणि हरिबाची पंचाईत हीच होती.

तो गॅलरीत उभा राहायचा. चहूकडं ऊस. नजर टाकावी तर चार पावलांवर उसाला थडकायची. लोकांना त्या हिरवाईचं केवढं कौतुक, ह्याचा मात्र जीव गुदमरायचा. कधीकाळी ह्याच कृष्णाकाठच्या शिवारात तो खतासाठी मेंढरं बसवायला यायचा, पण तेव्हा परत जायचा दिवस ठरलेला असायचा. आटपाडीच्या माळावर नजर सोडली की ती जात जात आभाळालाच टेकते. तसला माळ आणि त्या माळावरचं ते एक खोलीचं घर, जिथं बनाबाईचा हात प्रत्येक वस्तूवरनं फिरला होता, त्याला दिवसरात्र हवं होतं.

मल्हार म्हणायचा, "एकट्यानं राहणार कसं? चूल कोण पेटवंल? पाणी कोण शेंदंल? तुमचा पटका तुमी सोता बांधलासा की त्याच दिशी गाडीत घालून सोडतो. माजा शबुद."

म्हणून हे टोपीचं सगळं. कुणीतरी मल्हारला सांगितलं होतं की गावातल्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात एक पोरगी अभ्यास करते, लकव्याचे हात मनानं हलवायला शिकवते. ती शिवांजली. कराडजवळच्या ऊसवाल्या घरातली, भाऊ फौजेत, बोलायला मोकळी. तिनं हरिबाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, प्रत्येक बटणाखाली थंडगार लेप भरला आणि समोरच्या पडद्याकडं बोट केलं.

"हे बघा बाबा. घंटा वाजली की उजव्या हाताची मूठ मिटतोय असं मनात आणायचं. मनात, बरं का. ते मशीनला कळलं की ही हिरवी पट्टी वर चढणार. ह्या रेघेच्या वर गेली की तुमच्या हातातला हा मोजा तुमची मूठ मिटवणार. असं करत करत डोक्याला आपली जुनी वाट सापडते. मग मोजाही लागत नाही."

"आन् घंटा थांबली की?"

"मग काहीच करायचं नाही. निवांत."

हरिबानं मान डोलावली. घंटा वाजली, पट्टी धाडकन वर गेली. मल्हार जागचा उठलाच. शिवांजलीनं मात्र हरिबाच्या गालाला हात लावला.

"दात खाताय तुम्ही. हे जबड्याचं चढलंय, हाताचं नाही. जबडा सैल सोडा."

जबडा सैल सोडला तशी पट्टी तळाला जाऊन बसली. मग आठवडाभर तिनं काही डोकं वर काढलं नाही. शिवांजली मूठ मिटा म्हणायची आणि हरिबाला कळायचंच नाही की रिकामी मूठ मिटून माणसानं करायचं काय. जन्मात कधी त्यानं उगीच मूठ मिटली नव्हती.

"मग हातानं पुष्कळदा केलेलं काहीतरी घ्या," ती म्हणाली. "घोटून घोटून हातात बसलेलं."

"मेंढरं कातरली की," हरिबा म्हणाला. "त्येच्याशिवाय काय केलं मी?"

शिवांजली खूश झाली. कातर म्हणजे मूठ मिटणं आणि उघडणंच, आणखी काय हवं. पण झालं भलतंच. घंटा वाजायची तेव्हा पट्टी गपगार. घंटा थांबून ती "आता निवांत" म्हणायची आणि पट्टी चढायला लागायची. तिनं तारा तपासल्या, लेप बदलला, दुसरी टोपी आणली. तेच. शेवटी वैतागून खुर्ची ओढून समोर बसली.

"बाबा, खरं सांगा. घंटा वाजली की तुम्ही काय करता?"

"मेंढरं वड्याला घालतो."

"ओढ्याला?"

"मग? धुया नकोत?" हरिबालाच तिचं नवल वाटलं. "डोहात घालायची, एकेक चोळून काढायची, मग खडकावर वाळत सोडायची. मातीत बसू द्यायची न्हाईत. वाळली की मग कातर. तवर तुजी घंटा बंद हुती."

शिवांजली तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. पोरगी हसताना छान दिसायची, पण हरिबाला राग आला. न धुतलेली मेंढी कातरायला तो काय येडा होता? लोकरीत वाळू असली की कातरीची धार जाते, मेंढी ओरबाडते. मनातली झाली म्हणून काय झालं, मेंढीच ती.

"बरं, बरं," ती डोळे पुसत म्हणाली. "मला टोपी चढवायला, लेप भरायला वेळ लागतोच. तेवढ्यात तुम्ही मेंढरं धुऊन घ्या. घंटा वाजली की थेट कातर."

तसं ठरलं. मग रोज ती लेप भरता भरता विचारायची, "घातली का ओढ्याला?" हरिबा डोळे मिटून म्हणायचा, "निम्मी झाली." शेवटचं बटण बसलं की म्हणायचा, "वाळली." आणि मग घंटा. पहिल्यांदा पट्टी रेघेच्या वर गेली आणि त्याची मेलेली बोटं मोज्यात हळूहळू आत वळली, तेव्हा तो किती तरी वेळ त्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला. घरी जाऊन सोनियाला सांगितलं. तिनं शिरा केला.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बनाबाई आली.

आली म्हणजे होतीच ती तिथं. मेंढी आडवी पाडली की तिचे पाय कुणीतरी धरावे लागतात, नाहीतर झाडते. भावकीत बाप्ये धरायचे. हरिबाच्या घरात बाप्यांचा तोटा, म्हणून लग्न झाल्यापासनं बनाबाईच धरायची. त्या दिवशी कातर चालवता चालवता हरिबाला पलीकडं दोन मनगटं दिसली, हिरव्या बांगड्यांची, एकावर गोंदलेलं. आणि त्यानं मान वर केली.

हे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. तरुणपणी बाप समोर दगडावर बसलेला असायचा. बापादेखत बायकोकडं बघणं, तिच्याशी बोलणं, त्या घरात चालत नसे. काय हवं-नको ते मेंढराला ऐकवल्यासारखं ऐकवायचं. बाप गेला, सवय काही गेली नाही. शिवाय मान वर केली की कातर कातड्यात जाते. अशी सगळी उमर गेली. दरसालच्या कातरणीला ती हातभर अंतरावर बसायची आणि हा खाली लोकरीत बघायचा. ती गेल्यावर मल्हारनं फोटो मोठा करून आणला. फोटोवाल्यानं तिच्या अंगावर निळी भरजरी साडी चढवली होती, गाल गुलाबी केले होते. हरिबा त्या बाईला ओळखतच नव्हता.

आणि आता ही समोर. पदराचं टोक दातात धरलेलं. कपाळाला घाम. डाव्या भुवईवर लोकरीचा एक तंतू चिकटलेला, आणि हात गुंतलेत म्हणून तो तिला काढता येत नव्हता. किती साधी, किती चांगली दिसत होती.

पट्टी खाली पडली होती. त्याला त्याचं काही नव्हतं.

त्या दिवसापासनं म्हातारा कॉलेजला जायला सकाळपासनं तयार होऊन बसायला लागला. दाढी करून मागायचा, धुतलेलं धोतर मागायचा. सोनिया मल्हारला म्हणाली, "आबांचं कायतरी जमलंय बगा कालेजात." हरिबानं ऐकलं आणि चक्क लाजला. आणि खोटं तरी काय होतं त्यात? मेंढरं धुतली, घंटा वाजली, की तो मान वर करायचा. मेंढी तशीच पडलेली, कातर हातात नुसती. बघायचा. राहून गेलेलं बघून घ्यायचा. कधी वाटायचं, हात लांबवून तो भुवईवरचा तंतू काढावा.

इकडं पट्टी तळाशी. शिवांजली रोज विचारायची, हरिबा रोज थाप मारायचा. झोप झाली न्हाई, डोकं दुखतंय, वय झालं आता. शेवटी तिनं टोपी न चढवताच त्याला समोर बसवलं.

"बाबा, काही माणसांना हे जमतच नाही. मग आम्हाला थांबवावं लागतं, दुसरा पेशंट वाट बघत असतो. पण तुम्हाला जमलं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय. आता महिना संपत आला. असंच राहिलं तर मला तुमचं बंद करावं लागेल." तिनं खुर्ची पुढं ओढली. "आटपाडीला जायचंय ना?"

हरिबा खाली बघत बसला. मग एकदम बोलून गेला. "मंडळी येती."

"कोण?"

"मल्हारची आई. पाय धरून बसती मेंढीचं. मी बघत बसतो." त्यानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला. "जित्ती हुती तवा बघितलं न्हाई, पोरी. आता बघतो."

शिवांजली टेबलावरच्या तारा उगीच गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बघताय, बाबा. करत नाही. मशीनला बघितलेलं कळत नाही हो. हाताला आतून जे जाणवतं, तेवढंच कळतं. कातरीचा दाब, बोटांची ओढ. डोक्यातला हाताचा भाग त्यानंच जागा होतो. नुसतं चित्र बघून नाही होत."

"म्हंजी तिच्याकडं बगू नगं म्हंतीस."

"मी कशी म्हणू?" ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा."

दोन दिवस हरिबा गेलाच नाही. गॅलरीत उसाकडं तोंड करून बसला. त्या पोरीचा राग आला, मशीनचा आला, बनाबाईचासुद्धा आला. आटपाडी हवी तर हात हवा. हात हवा तर मान खाली. आणि आटपाडी हवी होती ती कुणासाठी? तिच्यासाठीच ना? सगळाच उफराटा कारभार.

तिसऱ्या दिवशी मल्हार त्याचा पटका बांधत होता. पोराला ते कधीच धड जमायचं नाही. कुठं ढिला, कुठं करकचून, आणि बांधताना तो बापाच्या डोळ्यांत बघायचा नाही. "बसला का?" एवढंच विचारायचा. हरिबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. पोरगं चाळिशीचं झालं होतं, आणि तेही खालीच बघत होतं. हरिबाला आपला बाप आठवला, आपण आठवलो, आणि लय वाईट वाटलं.

"चल," तो म्हणाला. "जाऊन येऊ कालिजात."

शिवांजली लेप भरत होती तोवर त्यानं मेंढरं धुतली. आणि वाळत सोडताना मनातल्या मनात बनाबाईला सांगितलं, 'थोडं दिस कळ काढ. हात घिऊन घरी येतो. मग कुणाची घंटा न्हाई, कुणाची पट्टी न्हाई. डोळं भरून बघतो तुला.' ती काही बोलली नाही. ती कधीच बोलायची नाही.

घंटा वाजली. हरिबानं मान खाली घातली.

कातरीची मूठ थंड लागली. मिटली की तळव्याला दाब, सोडली की तीच तळवा उघडायची. अंगठ्याच्या मुळाशी ओढ. बोटांना लोकरीचा तेलकटपणा. खाली गुलाबी कातडं, त्यावरनं पातं तिरकं. पलीकडं बांगड्या वाजल्या. मान उचलावी म्हणून त्याचा जीव नुसता तडफडला, पण त्यानं नजर उचलली नाही. मिटली, सोडली. मिटली, सोडली. मोज्यानं त्याची बोटं आत ओढली, परत ओढली, आणि मधेच कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की मोज्याच्या आधी बोटंच निघताहेत.

"बाबा," शिवांजली म्हणाली, "पट्टी खाली आलीच नाही."

हरिबाच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. तिला वाटलं आनंदानं. मल्हारलाही तसंच वाटलं.

मग तो नेमानं जात राहिला. रोज मेंढरं धुतली, रोज मान खाली. पहिल्यांदा अवघड गेलं, मग कमी, मग सवयीनं आपोआप. पावसाळा सरला, उसाला तुरे आले. आधी अंगठा सुटा झाला, मग चमचा धरता आला. मोजा काढून ठेवला. मनातल्या मुठीची खरी मूठ झाली, अगदी पहिल्यासारखी नव्हे, पण कामापुरती. आणि एका सकाळी आरशासमोर हरिबानं आपला पटका आपण बांधला. वाकडा होता. मल्हार म्हणाला, "लय झाक बसलाय," आणि मोरीत जाऊन उगीच तोंड धुऊन आला. शब्दाला जागला. त्याच आठवड्यात गाडीत घातलं.

माळ आला तशी हरिबाची छाती मोकळी झाली. कुलूप त्यानं स्वतः उघडलं, उजव्या हातानं. सोनियानं घर झाडून, चार दिवसांचं पीठ भरून ठेवलं. जाताना मल्हारनं फोटो भिंतीला लावायला काढला, हरिबा नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवून, चहा पिऊन तो दारात उन्हाला बसला. आता कुणाची घाई नव्हती. डोळे मिटले. मेंढरं ओढ्याला घातली, एकेक चोळून काढली, खडकावर वाळू दिली. एक मेंढी आडवी पाडली. कातर हातात घेतली. हात सरसर चालायला लागला. मग तो थांबला, आणि ज्यासाठी एवढं सगळं केलं, त्यासाठी त्यानं मान वर केली.

समोर कुणी नव्हतं. माळ होता, ऊन होतं.

त्यानं परत पहिल्यापासनं केलं. परत धुतली, वाळवली. कातरीचा दाब आला, अंगठ्याची ओढ आली, लोकरीचा वास आला. सगळं हाताचं हातात आलं, पहिल्यापेक्षा लख्ख. मान वर केली की मात्र नुसता उजेड. पदराचं टोक नाही, भुवई नाही. एवढे महिने मनाला जे शिकवलं ते त्यानं चांगलं पाठ केलं होतं. निळ्या साडीतली बाई आली, तिला त्यानं हाकललं. "बने," त्यानं मोठ्यानं हाक मारली. नाव घेऊन त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. माळावर हाक कुठल्या कुठं गेली.

हरिबा रडला. लहान पोरासारखा, आवाज काढून रडला. बघायला कुणी नव्हतं.

मग नाक शिंकरून पटका सारखा केला, आणि अर्धी कातरलेली मेंढी तशी टाकता येत नाही म्हणून मान खाली घालून परत कामाला लागला. पोटाकडची लोकर राहिली होती. ती जागा नाजूक, तिथं कातर लागली की कुठलीही मेंढी पाय झाडते. त्यानं कातर घातली. मेंढी शांत पडून राहिली. एक पाय हलला नाही.

म्हणजे कुणीतरी धरले होते. हरिबानं वर बघितलं नाही. तो कातरत राहिला.